गाण्यातला 'मी' पिंजऱ्यात

31 ऑक्टोबर 2024 रोजी अटलांटाच्या कोर्टात यंग ठग या रॅपरनं टोळी, अमली पदार्थ आणि शस्त्रांच्या काही आरोपांत गुन्हा कबूल केला. रॅकेटिअरिंगच्या, म्हणजे संघटित गुन्हेगारीच्या, कटाच्या मुख्य आरोपावर 'मी लढत नाही' एवढंच म्हणाला आणि नऊशेहून अधिक दिवसांच्या कोठडीनंतर त्याच संध्याकाळी घरी गेला. अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्याच्या इतिहासातला सर्वांत लांबलेला हा फौजदारी खटला. त्यात त्याच्या नि साथीदारांच्या गाण्यांतल्या 17 तुकड्यांना पुरावा म्हणून यायची मुभा न्यायाधीशांनी दिली होती. तेव्हापासून एक वाद ऐकतोय आणि दर वेळी चिडतोय. एक पक्ष म्हणतो, बघा, गाण्यात जे मिरवत होता तेच शेवटी कबूल करावं लागलं. आगीशिवाय धूर निघत नाही. दुसरा म्हणतो, कला म्हणजे कला, तिला कोर्टात ओढायचंच नाही. पहिल्याला खटल्याचा शेवट ठाऊक नाही: ज्या दोघा सहआरोपींनी तडजोड नाकारून ज्युरीचा निकाल येईपर्यंत तग धरला, ते 3 डिसेंबर 2024 ला खुनाच्या आणि टोळीच्या आरोपांतून सुटले. एकाच्या वाट्याला बेकायदा शस्त्र बाळगल्याचा ठपका आला, तेवढाच. दुसऱ्या पक्षाची घोषणा ऐकायला गोड आहे, पण तिच्यावर कुठलाही सरकारी वकील दोन मिनिटांत मात करेल.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. त्या गुन्ह्याबद्दल, फक्त करणाऱ्यालाच ठाऊक असेल असा तपशील गाण्यात असेल, तर गाणं जरूर कोर्टात आणा. तसा तपशील नसेल तर दारातूनच परत पाठवा. याचं कारण कला पवित्र आहे हे नव्हे. मला स्वतःला यातली अर्धी गाणी ऐकवत नाहीत. कारण साधं आहे: गाणं बहुतेक वेळा तिथंच आणलं जातं जिथं बाकीचा पुरावा तोकडा पडतो आणि ते आलं की तोकडेपणा झाकला जातो.

हे समजायला यंग ठगचा खटला फारसा उपयोगी नाही. त्यात इतकी माणसं, इतके आरोप आणि इतकी नाटकं होती की प्रत्येकाला हवं ते सापडतं. उपयोगी आहे ती त्याच्या वीसहून अधिक वर्षं आधीची, लुइझियानातली एक गोष्ट. मॅकिन्ली फिप्स, गाण्याच्या दुनियेत नुसता 'मॅक', 1977 साली न्यू ऑर्लीन्समध्ये जन्मला. आई चित्रकार, बाप व्हिएतनामच्या युद्धात लढून आलेला. 1990 मध्ये, मिसरूड फुटायच्या आत, 'लिल मॅक' या नावानं त्याचा पहिला अल्बम आला. संगीत होतं मॅनी फ्रेशचं, ज्यानं पुढं कॅश मनी रेकॉर्ड्सचा अख्खा नाद घडवला. पोरगं शब्दांत पक्कं होतं. नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात मास्टर पी या रॅपरच्या 'नो लिमिट रेकॉर्ड्स' कंपनीनं त्याला उचललं. नो लिमिट म्हणजे तेव्हा गाण्यांचा कारखाना होता. 1998 या एका वर्षात तिथून वीसहून अधिक अल्बम बाहेर पडले. कंपनीची निशाणी सोन्याचा रणगाडा, गायकांना म्हणायचं सैनिक, कपडे लष्करी छपाईचे. या फौजेत दाखल झालेल्या मॅकला टोपणनाव मिळालं 'कॅमफ्लाज असॅसिन', म्हणजे लष्करी वेशातला मारेकरी. त्याचा 1998चा अल्बम बिलबोर्डच्या यादीत 11व्या क्रमांकावर पोचला. त्या सगळ्या आरडाओरड्यात मोजूनमापून बोलणारा हाच एक, असं माझं मत आहे. पण दुकानात पाटी लागायची ती मारेकऱ्याचीच.

फेब्रुवारी 2000 मध्ये, पाँचरट्रेन सरोवरापलीकडच्या स्लायडेल गावात एका क्लबात त्याचा कार्यक्रम होता. गर्दीत भांडण जुंपलं, गोळी सुटली, एकोणीस वर्षांचा एक मुलगा मेला. मॅक बावीस वर्षांचा होता, आधीचा एकही गुन्हा नावावर नाही. त्याच्याकडं पिस्तूल होतं. गोळीबार होताच ते उपसून तो दाराशी असलेल्या आपल्या आईला शोधायला धावला, असं त्याचं म्हणणं. त्याच्या सुरक्षेच्या ताफ्यातल्या एकानं थोड्याच दिवसांत पोलिसांना सांगितलं की गोळी मी झाडली, स्वतःला वाचवायला. पोलिसांना ते पटलं नाही. मॅकला गुन्ह्याशी बांधणारा शास्त्रीय पुरावा नव्हता. होते ते साक्षीदार, ज्यांच्यातल्या काहींनी बऱ्याच वर्षांनी पत्रकारांना सांगितलं की आमच्यावर दबाव होता. आणि होती गाणी.

सरकारी वकिलानं काय केलं ते नीट पाहण्यासारखं आहे. त्यानं दोन वेगवेगळ्या गाण्यांतल्या ओळी एकापुढं एक ठेवून ज्युरीला ऐकवल्या. पहिलीत खून, मारणं यांचा घोष. दुसरीचा अर्थ, माझ्या वाटेला गेलास तर तुझ्या मेंदूत गोळी. आता दुसऱ्या गाण्यात ही गोळी घालणारा कोण आहे? मॅक नव्हे, मॅकचा बाप. व्हिएतनामहून परतलेला, डोक्यात युद्ध घेऊन जगणारा माणूस, त्याच्याबद्दल मुलगा सांगतोय की 'तो' गोळी घालेल. कोर्टात येईपर्यंत 'तो' गळून पडला होता. दोन गाणी शिवून एक नवंच गाणं तयार झालं, जे मॅकनं कधी लिहिलंच नव्हतं, आणि ते त्याच्याच तोंडी घातलं गेलं. सप्टेंबर 2001 मध्ये ज्युरीनं 10 विरुद्ध 2 मतांनी सदोष मनुष्यवधाचा दोष ठेवला. शिक्षा तीस वर्षं.

आता समोरच्या बाजूचं जे खरोखर वजनदार आहे ते घेऊ. पहिली गोष्ट, हे गायक स्वतःच रात्रंदिवस सांगत असतात की आम्ही जगलो तेच गातो. 'खरेपणा' हाच त्यांच्या धंद्याचा माल. लोकांकडून खरेपणाचे पैसे घ्यायचे आणि पोलीस आले की 'अहो, ते नाटक होतं' म्हणायचं, हे कसं चालेल? अटलांटाच्या जिल्हा सरकारी वकील फॅनी विलिस यांचं म्हणणं थोडक्यात हेच होतं: तालावर गुन्हा कबूल करणार असाल तर मी तो वापरणार. दुसरी गोष्ट, ही सगळी पोरं निरागस कवी नाहीत. त्याच नो लिमिटचा सी-मर्डर हा रॅपर खुनाच्या गुन्ह्यात जन्मठेप भोगतो आहे (तिथंही निकाल 10 विरुद्ध 2, पण तो विषय पुढं). तिसरी आणि सर्वांत अवघड गोष्ट, माणूस कधीकधी खरंच आपला गुन्हा कलेत कोरून ठेवतो. कॅलिफोर्नियातल्या पिको रिव्हेरात एका टोळीवाल्यानं 2004 साली दारूच्या दुकानाजवळ खून केला आणि त्या जागेचं अख्खं चित्र छातीवर गोंदवून घेतलं: दुकानाची पाटी, रस्त्याचा दिवा, मेलेल्याची पडण्याची दिशा. चार वर्षांनी एका पोलिसाला अटकेतल्यांचे फोटो चाळताना ते गोंदण दिसलं आणि त्याला जागा ओळखू आली. 2011 मध्ये माणूस दोषी ठरला. 'कला म्हणजे कला' म्हणणाऱ्यांनी मला सांगावं, ते गोंदण ज्युरीपासून लपवायचं होतं का?

मुळीच नाही. पण या गोंदणाकडं जरा जवळून पाहा, कारण वादाचा निकाल त्यातच आहे. त्या छातीवर 'मी मारेकरी आहे, माझ्या वाटेला जाऊ नका' असं लिहिलेलं असतं तर त्याची पुरावा म्हणून किंमत किती? शून्य. तसं गोंदवून घेणारे तुरुंगात पैशाला पासरी सापडतील. त्याला पकडलं ते दिव्यानं आणि दुकानाच्या पाटीनं, म्हणजे तपशिलानं. मॅकच्या ओळींमध्ये स्लायडेल नाही, क्लब नाही, तो मुलगा नाही. असणारही कसा? गोळी सुटली 2000 साली, अल्बम 1998 चा. घटनेच्या आधीच लिहिलेली कबुली हा काय प्रकार आहे? त्या गाण्यानं सिद्ध एवढंच होतं की मॅकला मारण्या-मरण्याचे शब्द सुचतात. माणूस वाईट वळणाचा आहे, म्हणून हेही त्यानंच केलं असणार, हा तर्क कायद्यानं फार पूर्वी बाद केलेला आहे. अमेरिकेत तो चालत नाही आणि आपल्या 1872 च्या साक्ष्य अधिनियमाच्या कलम 54 मध्येही आरोपीचं वाईट चारित्र्य एरवी अप्रस्तुतच धरलं होतं. गाणं हा त्या बंद दाराला पाडलेला चोरदरवाजा आहे. साक्षीदार उभा करून 'हा हिंसक स्वभावाचा आहे' असं वदवून घेता येत नाही, म्हणून त्याच्याच आवाजात ते वाजवायचं.

उरला खरेपणाचा मुद्दा. इथं मराठी वाचकाला अडायचं खरं तर कारण नाही. आपल्या शाहिरांनी दोनशे वर्षांपूर्वी हे कोडं सोडवून ठेवलंय. होनाजी बाळा, राम जोशी, परशराम यांच्या लावण्या काढा. बोलणारी विरहिणी आहे, 'मी' म्हणजे बाई, तिचा देह, तिची तळमळ. आणि शेवटच्या कडव्यात नाममुद्रा येते ती पुरुषाची, गावठावासकट. स्वतःचं खरं नाव घातलं म्हणून आतला 'मी' कवीचा होतो असं कुणा श्रोत्याला वाटलं? रॅपर गाण्यात आपलं नाव, आपली गल्ली, आपली टोळी पुकारतो ती हीच नाममुद्रा. नाव खरं, 'मी' रचलेला. आणि 'हे अगदी खरं आहे हो' ही शपथसुद्धा त्या रचण्याचाच भाग असते. कीर्तनकार 'घडलेली गोष्ट सांगतो' म्हणून आख्यान लावतो तेव्हा आपण तारीख-वार मागत नाही. शपथेवर विसंबून चरित्र लिहायला गेलं की काय होतं, तेही आपण पाहिलंय. नामदेवांच्या नावावर एक आत्मचरित्रपर अभंग आहे. त्याच्या आधारे ते आधी वाटमारी करत, त्यांच्या हातून घोडेस्वार मारले गेले, असं मोठमोठ्या विद्वानांनीही लिहून ठेवलं. मग दुसऱ्या अभ्यासकांनी विचारलं, हा अभंग मुळात त्यांचा आहे का? इतकी शतकं लोटली तरी एका प्रथमपुरुषी कवितेचा निकाल ग्रंथालयात बसून लागत नाही. मग बारा माणसांनी तो दुपारच्या जेवणाआधी लावावा?

न्यू ऑर्लीन्सला तर हे आणखी जवळून माहीत असायला हवं होतं. त्या शहरात मार्डी ग्रास या कार्निव्हलच्या दिवशी काळ्या वस्त्यांतून 'इंडियन', म्हणजे अमेरिकी आदिवासींच्या वेशातल्या, टोळ्या निघतात. मणी आणि पिसांचे वर्षभर स्वतःच्या हातानं शिवलेले पोशाख, पुढं टेहळ्या, मग झेंडेवाला, आडदांड 'वाइल्ड मॅन', मागं सरदार. दोन टोळ्या समोरासमोर आल्या की गाण्यातून ललकारतात: तुझा झेंडा जाळीन, तुला गुडघ्यावर आणीन. एके काळी या भेटींत खरोखर चाकू चालायचे. मग सरदार टूटी मोंटाना आणि त्याच्या पिढीनं चाकूची जागा सुईदोऱ्याला दिली. ज्याचा पोशाख देखणा आणि ज्याचं गाणं खणखणीत, तो जिंकला. ललकारी मात्र तशीच राहिली. म्हणजे शब्दातला रक्तपात हा रस्त्यावरच्या रक्तपाताची पूर्वसूचना नव्हता, त्याच्या जागी आलेला होता. झेंडा जाळण्याची धमकी ऐकून त्या शहरात कुणी आगीचा बंब बोलावत नाही. त्याच गल्ल्यांत वाढलेल्या पोरानं तीच ललकारी ड्रम मशीनवर म्हटली तर ती फक्त सरोवरापलीकडं, गोऱ्या बहुसंख्येच्या परगण्यात, कबुलीजबाब कशी होते?

याचं उत्तर नव्वदच्या दशकात कॅरी फ्राइड या मानसशास्त्रज्ञ बाईंनी एका साध्या प्रयोगानं दिलं. त्यांनी एक जुनं लोकगीत घेतलं, किंग्स्टन ट्रायो या गोऱ्या, इस्त्रीच्या शर्टांतल्या मंडळींनी 1960 च्या सुमारास गाजवलेलं. त्यात एकजण पोलीस अधिकाऱ्याला गोळी घालतो. तेच शब्द लोकांना वाचायला दिले. काहींना सांगितलं हे कंट्री गाणं आहे, काहींना सांगितलं रॅप आहे. रॅप समजून वाचणाऱ्यांना ते जास्त धोकादायक, जास्त आक्षेपार्ह वाटलं. 2016 मध्ये दुसऱ्या संशोधकांनी प्रयोग पुन्हा केला, कल तोच निघाला. शब्द एक, लेबल बदललं की गुन्हेगार दिसू लागतो. न्यायाधीशानं ज्युरीला 'याचा विचार फक्त हेतूपुरता करा' अशी सूचना दिली की हे पुसलं जातं म्हणणाऱ्यांच्या भाबडेपणाला माझा नमस्कार.

हे अमेरिकेचं वंशद्वेषाचं दुखणं आहे, आपल्याला काय त्याचं, असं म्हणू नये. सप्टेंबर 1897 मध्ये मुंबईच्या हायकोर्टात टिळकांवर राजद्रोहाचा खटला चालला, त्यातही एक कविता पुराव्यात होती. 15 जूनच्या 'केसरी'त आलेली, 'शिवाजीचे उद्गार'. कवी टिळक नव्हेत. बोलणारे साक्षात शिवाजी महाराज, जागे होऊन देशाची दशा पाहणारे. कविता छापून आठवडा होतो तोच 22 जूनला पुण्यात रँडवर गोळी झाडली गेली. टिळकांवर त्या खुनाचा आरोप नव्हता, पण पिस्तुलाचा आवाज कानात असताना ती कविता वाचली जात होती. वाचणारे कोण? नऊ जणांच्या ज्युरीत सहा युरोपीय, मराठी न कळणारे, इंग्रजी भाषांतरावर विसंबलेले. शिवकाळापासूनची पोवाड्याची भाषा त्यांच्यापुढं सरकारी भाषांतर होऊन आली. न्यायमूर्ती स्ट्रेची यांनी तर राजद्रोहाच्या कलमातली अप्रीती म्हणजे प्रीतीचा अभाव, इतका सैल अर्थ लावून दिला. निकाल 6 विरुद्ध 3: सहा युरोपीय दोषी म्हणाले, तिन्ही हिंदी पंच निर्दोष म्हणाले. दीड वर्ष सक्तमजुरी.

कुणी म्हणेल, तुलना ओढूनताणून आहे. टिळकांच्या खटल्यात शब्द हाच गुन्हा होता, मॅकच्या खटल्यात शब्द हा दुसऱ्या गुन्ह्याचा पुरावा. बरोबर. आपल्याकडं 2023 च्या एप्रिलमध्ये 'खोक्यां'च्या राजकारणावर गाणाऱ्या एका तरुण रॅपरवर गुन्हा दाखल झाला, तोही टिळकांच्या जातीचा प्रकार, मॅकच्या नव्हे. आणि आपल्या चर्चेत हे दोन्ही सर्रास एकत्र कालवले जातात. पण मी तुलना आरोपाची करत नाहीये, वाचण्याच्या रीतीची करतोय. रचलेला 'मी' खरा धरायचा. परंपरा न कळणाऱ्यांपुढं तिची एक ओळ उचलून ठेवायची. आणि बाहेर झालेल्या गोळीबाराच्या उजेडात ती वाचायची. उलट, मॅकची गत जास्तच वाईट झाली. टिळकांच्या कवितेत निदान सर्वनामं तरी कुणी बदलली नव्हती.

मग कायद्यानं करावं काय? कॅलिफोर्नियानं सप्टेंबर 2022 मध्ये एक कायदा केला, त्याचं कौतुक खूप झालं. कलाकृती पुराव्यात घेण्याआधी न्यायाधीशानं तिच्यामुळं होणाऱ्या पूर्वग्रहाचा विचार करावा आणि तिची किंमत मुळात कमी धरावी, असं तो सांगतो. चांगलं आहे. पण अपवाद वाचा: ती गुन्ह्याच्या सुमारास रचलेली असेल, किंवा गुन्ह्याशी पुरेसं साम्य असेल, किंवा लोकांना ठाऊक नसलेला तपशील तिच्यात असेल. माझं भांडण त्या 'किंवा'शी आहे. शेवटची अट म्हणजे पिको रिव्हेराचं गोंदण, ती हवीच. पण साम्य? गँगस्टा रॅपमधल्या कुठल्या गाण्याचं गोळीबाराशी साम्य नसतं? विराण्या लिहिणाऱ्याची बायको सोडून गेली तर त्याच्या प्रत्येक कवितेचं घटस्फोटाशी साम्य निघेल. आणि 'सुमारास' म्हणाल, तर जो माणूस आठवड्याला चार गाणी ध्वनिमुद्रित करतो त्याचं काही ना काही कुठल्याही तारखेच्या सुमारास सापडणारच. 'किंवा'च्या जागी 'आणि' टाका, माझी तक्रार संपली. न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयानं 2014 मध्ये जवळपास हेच केलं. तेरा पानं भरून रॅपच्या ओळी ज्युरीला वाचून दाखवलेल्या एका खटल्यात शिक्षा रद्द करणारा खालच्या कोर्टाचा निर्णय त्यांनी कायम केला. म्हणणं असं की आरोपित गुन्ह्याशी थेट, घट्ट धागा नसेल तर या ओळी आत येता कामा नयेत. अशानं काही दोषी सुटतील का? सुटतील एखाद-दुसरा. पण ज्याला केवळ गाण्यानं तुरुंगात घालता येतं, त्याच्याविरुद्ध तुमच्यापाशी गाण्याखेरीज काय होतं, हा प्रश्न मग सरकारी वकिलाला स्वतःशी विचारावा लागेल, आणि तो त्यानं विचारावा हीच माझी इच्छा आहे.

मघाशी तो 10 विरुद्ध 2 चा विषय ठेवला होता. लुइझियानानं 1898 च्या घटना परिषदेत एकमताचा नियम मोडून टाकला. उद्देश लपवलेला नव्हता: काळे लोक ज्युरीत बसू लागलेच, तर त्या एक-दोघांच्या नकाराला किंमत राहू नये. आधी बारातले नऊ पुरत, नंतर दहा. 2018 मध्ये मतदारांनी हा नियम काढला, पण 2019 पासूनच्या गुन्ह्यांपुरता. 2020 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं तो घटनाबाह्य ठरवला. 17 मे 2021 ला त्याच न्यायालयानं सांगितलं की ज्यांची अपिलं आधीच संपली आहेत त्यांना याचा फायदा नाही. मॅकची केव्हाच संपली होती. त्याच्या ज्युरीतल्या त्या दोघांनी काय ऐकलं आणि काय त्यांना पटलं नाही, हे कुणी नोंदवून ठेवलेलं नाही. पाच आठवड्यांनी, 22 जूनला, राज्यपालांनी शिक्षा कमी केल्यामुळं मॅक तुरुंगाबाहेर आला, एकवीस वर्षांनी, पॅरोलवर. दोष कायम आहे.